खिंडीवरची सोळा माळवदं

शेवऱ्याच्या खिंडीवर रिकाम्या घरांची एक ओळ आहे. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं सपाट माळवद, दारांना कुलपं नाहीत. खालच्या वस्तीतल्या घरांवर केव्हाच पत्रे आले, तरी मृगाच्या आधी माणसं पांढऱ्या मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन वर चढतात आणि या घरांची माळवदं चोपून पक्की करतात. जिथं कुणी राहत नाही तिथं एवढी उस्तवार कशाला, असं पाहुण्यांनी विचारलं की वस्तीतले सोपानतात्या तिथल्याच एका ओट्यावर टेकतात आणि साळूची हकीकत सांगतात.

साळू बेलदारीण होती. ही सोळा घरं तिच्या नवऱ्याने बांधली, असं म्हणतात. तो गेल्यावर मातीकाम तिच्याकडे आलं. पुढे लागोपाठ तीन वर्षं पाऊस झाला नाही. विहिरींतला गाळसुद्धा वाळला, तेव्हा गावाने नदीकाठी जगायला जायचं ठरवलं. नेमका त्याच वेळी साळूच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजला होता. पाऊल टेकवेना. तिने आपली सात वर्षांची हिरू पाटलिणीच्या हाती दिली.

“पाय उतरला की ये मागनं,” पाटलीण म्हणाली. “तवर आमची माळवदं बघ, बाई. वळवानं गाठलं तर घरं बसतील.”

साळूने भैरोबाच्या पायरीवर हात ठेवला. “तुमी माघारी येईस्तवर एकाबी घरात थेंब गळू द्यायची न्हाई.”

हिरू खिंड उतरेपर्यंत मागे वळून बघत होती म्हणे.

निवडुंगाची बोंडं खाऊन आणि खडकातल्या, एकट्यालाच पुरेल एवढ्या झिऱ्यावर साळू जगली. पाय बरा व्हायला ज्येष्ठ उजाडला. काठी टेकत ती लेकीकडे निघाली, खिंडीत पोचली, आणि तिला मावळतीला ढग दिसले. तीन वर्षांतले पहिले ढग. मागे सोळा माळवदं उन्हाने भेगाळून पडली होती. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग वळली. पाऊस झाला की माणसंच पेरायला येतील, पोरगीही येईल, अशी तिने मनाची समजूत घातली.

सोळाही घरं तिने एकटीने राखली. तिची स्वतःची खोपी मात्र पहिल्याच सरीत बसली. पावसाळा सरला, कुणी आलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला बिरू नावाचा धनगर मेंढरं घेऊन नदीकडून वर आला.

“पटकी शिरली, बाई. पयल्याच पावसात. आठ दिसांत समदी पालं मोकळी झाली.”

“एक पोर व्हती. हिरू नावाची.”

बिरू मान खाली घालून म्हणाला, “शेवटाला तीच उरली व्हती. आई येनार म्हनत व्हती. माझ्या बायकूनं तिला शेवटचं पानी पाजलं.”

पुन्हा कधी साळू खिंडीत गेली नाही. पुढच्या वैशाखात बिरू त्याच वाटेने आला, तेव्हा ती माळवदावर माती चोपत होती.

“आता कुनासाठी, साळूबाई?”

“घरं बसली, तर हितं मानसं व्हती हे कोन म्हनंल? माझी पोर ह्याच दारातनं त्या दारात पळायची.”

असे अकरा पावसाळे गेले. बाराव्याच्या तोंडाशी बिरूला ती शेवटच्या घरावर पालथी सापडली, हातात चोपणं, अर्धी माती पसरायची राहिलेली. त्याने आधी ती माती पुरी केली, मग तिला खाली उतरवलं. तो पुन्हा फिरस्तीला गेला नाही. खालची वस्ती त्याच्याच वंशाची.

आजही पहिली पाटी ओतताना बाया “आलो गं, हिरू” असं म्हणतात. पण पोरं शहरांत गेली. यंदा वर चढायला चौघंच होते, सगळे सत्तरीपुढचे. अकरा घरं झाली आणि पाऊस लागला. उरलेल्या पाचांतली दोन बसली. ती कुणाची, हे पाहुणे विचारतात. सोपानतात्या दगडांच्या ढिगाकडे बघत राहतात. त्यांनाही ते ठाऊक नाही.