खाचांची काठी

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा गावं पायवाटांनीच जोडलेली असायची, आणि घाट चढायचा म्हटलं की हातात काठी आलीच.

घाटाखालच्या एका गावात एक पट्टीचा चालणारा राहत होता. त्याच्या थोरल्या बहिणीचं सासर घाटापलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर. दरवर्षी सुगी आटोपली की तो फडक्यात भाकऱ्या बांधायचा, भरीव वेळूची काठी उचलायचा आणि निघायचा. परतला की काठीच्या मुठीखाली चाकूने एक खाच पाडायचा.

ही खाच भाचीच्या बारशाची. ही करवंदं खाऊन जीभ काळी झाली त्या सालची. ही आक्का रागावली आणि मग वेशीपर्यंत रडत पोचवायला आली, तेव्हाची. चालताना खाचांवरून अंगठा फिरवला की वाट कधी सरली ते त्याला कळायचंच नाही. हसू नका, आपल्यालाही असला काही ना काही छंद असतोच.

वर्षं गेली, तो म्हातारा झाला. खाचा चाळिसांवर गेल्या. एकदा गावच्या सुताराने काठी हातात घेऊन वाकवून पाहिली.

"बाबा, ही मुठीपाशी निम्मीसुद्धा उरली नाही. हिला खुंटीला टांगा. चालायला मी दुसरी तासून देतो."

"नव्या काठीला माझी वाट काय ठाऊक?" म्हातारा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून सुतार आपल्या कामाला लागला.

त्याच साली आक्काचा निरोप आला. 'डोळे विझत चाललेत. पुरते जायच्या आत एकदा तुझं तोंड बघू दे.'

म्हातारा तसाच निघाला, अर्थात तीच काठी घेऊन. घाट चढला. पलीकडच्या उतारावर पाय निसटला, तेव्हा त्याने सगळा भार काठीवर टाकला. काठी खाचांपाशी मोडली आणि म्हातारा खालच्या दगडांवर आदळला. पाय मोडला. धनगरांनी त्याला उचलून आपल्या वाड्यावर नेलं, पाल्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळायला चार महिने लागले. तिथे पडून तो रोज वाटेकडे बघायचा आणि रडायचा.

शेवटी धनगरांनी दिलेल्या साध्या काठीवर रेलत तो आक्काच्या दारात पोचला. ती अंगणात बसली होती. पावलांची चाहूल लागताच तिने मान वळवली, पण नजर त्याच्या बाजूने निघून गेली.

"आक्का, मी आलो. उशीर झाला गं."

तिने त्याला जवळ बसवलं आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा चाचपला. गाल खोल गेले होते, दाढी वाढली होती.

"वाळलास रे," ती म्हणाली. "पण असू दे. मला आता तू कायम गेल्या वर्षीचाच दिसणार."



तात्पर्य : गेल्या दिवसांच्या आठवणी जिवापाड जपाव्यात, पण ज्याच्या आधाराने पुढची वाट चालायची, त्यालाच त्यांच्यापायी पोखरू नये.