वाकडा काठ

“हे त्याला वाचून दाखवलंस?”

अकरा पानं वाचून झाल्यावर कमलिनीबाईंनी एवढंच विचारलं.

पुष्करला प्रश्नच कळेना. डॉक्टर आपला कागद रोग्याला थोडाच वाचून दाखवतो, असं काहीसं तो म्हणाला.

बाई तीस वर्षं तुरुंगात कैद्यांच्या मनाचं काम करत होत्या. परीक्षेत पहिला आलेला पुष्कर चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखाली आला होता. माणूस गुन्ह्यापर्यंत कसा पोचला, त्याची मांडणी चौकटी आणि बाण काढून करायची, हे त्याचं काम. केरबा या कैद्याची ही अकरा पानांची मांडणी त्याला फारच साधली होती. आधी बापाचा मार, चारचौघांत उडवलेली टर. मग दारू. कुणी हसलं की आतला बाप जागा होतो नि हात उठतो. एकदा असाच उठला, हातात पहार होती, मेहुणा गेला.

शेवटची ओळ होती : धोका कायम. खुल्या कारागृहात पाठवू नये.

तिथं कुणाला पाठवायचं ते ठरवणारी समिती उद्या बसणार होती. खुल्या कारागृहात शेतावर काम असतं आणि लेकीला जाळीशिवाय भेटता येतं. केरबाचा अर्ज आधी दोनदा नामंजूर झाला होता.

“बोलव त्याला.”

केरबा सतरंजीच्या मागावरून तसाच उठून आला. कपड्यांना सुताचे तुकडे चिकटलेले. बाईंनी त्याला खुर्ची दिली. पुष्करनं वाचायला सुरुवात केली, आधी जोरात, मग जरा हळू. बापाचं पान आलं तेव्हा केरबानं डोळे मिटून घेतले.

वाचून झालं.

“खरं हाय समदं,” केरबा म्हणाला. “एक अक्षर खोटं न्हाई, साहेब.”

पुष्करनं बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता आला नाही.

“म्हंजे मी मारणारच हुतो,” केरबा म्हणाला. “आनि फुडंबी मारणार.”



पुष्करचा आनंद कुठल्या कुठे गेला. त्यानं पानं चाळली. कुठल्या तरी पानावर याचं उत्तर असेल, असं त्याला वाटत होतं.

“केरबा,” बाईंनी विचारलं, “तुम्हाला शेवटचं कोण हसलं?”

केरबानं जरा आठवून सांगितलं. गेल्या महिन्यात, शेजारच्या मागावरचा गणपा. केरबा विणत होता त्या सतरंजीला सगळ्यांदेखत हसला. त्या वेळी केरबाच्या हातात पंजा होता, वीण ठोकायचा, लोखंडी.

“मग?”

“हात वर गेला हुता, बाई.”

“मग?”

“मग काठाकडं बघितलं...” केरबा खाली बघत म्हणाला. “वाकडाच हुता की. मलाबी हसू आलं.”

पुष्करनं चार वेळा त्याची मुलाखत घेतली होती. हात उठला ते सगळे दिवस त्यानं खोदून खोदून विचारले होते. हात वर जाऊन तसाच खाली आला, असा दिवस विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

बाईंनी चौकटींचा कागद केरबाच्या पुढ्यात सरकवला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. हे यात कुठं बसतं, तुम्हीच दाखवा, म्हणाल्या.

केरबा बराच वेळ कागद न्याहाळत राहिला. मग ‘हात उठतो’ या चौकटीच्या अलीकडून त्यानं एक रेघ काढली. रेघ सगळ्या बाणांना चुकवत कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

“फुडं कागद न्हाई,” तो म्हणाला.

पुष्करनं अकरावं पान ओढून घेतलं. शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि खाडाखोड दिसेल याची पर्वा न करता तिच्यावर काट मारली. त्या जागी काय लिहायचं ते मात्र त्याला सुचेना.

“बाई,” त्यानं हळूच विचारलं, “आता झाली का मांडणी पुरी?”

“नाही रे,” बाई म्हणाल्या. “आत्ता कुठं अपुरी झाली.”