पाटकरी आणि छत्तीसचं घर

नदी जिथे डोंगर सोडून सपाटीला लागते, तिथल्या एका गावात एक पाटकरी राहत होता. बंधाऱ्यातून सुटलेलं पाणी पाटाने एकेका शेतात वळवायचं, हे त्याचं काम. खांद्यावर फावडं, पोटरीपर्यंत चिखल आणि तोंडात कायम एकच वाक्य, “ज्याची पाळी त्याचं पाणी!” पाटील असो की पाटलाचा जावई, पाळी नसताना कुणाला ओंजळभरही मिळायचं नाही.

पाटाच्या अगदी टोकाला एका म्हातारीचं शेत होतं. त्याला सगळे शेपटाचं शेत म्हणत. तिथवर जाईपर्यंत निम्मं पाणी वाटेतच मुरायचं आणि उरलेल्यावर वरच्या शेतकऱ्यांचा डोळा असायचा. पण आपला पाटकरी भर उन्हात काठाकाठाने धावायचा, गळती बुजवायचा आणि शेपटाच्या शेतातली शेवटची सरी भिजली की मगच भाकरीचं फडकं सोडायचा. या गोष्टीचा त्याला अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

वर्षाची जत्रा आली. जत्रेच्या दिवशी दुपारी अख्ख्या गावाची एकच पंगत बसायची. बेत ठरलेला, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. शेवटी बट्टी कुस्करायची, तिच्यावर तूप सोडायचं आणि वर गूळ. त्या शेवटच्या गोड घासासाठी पोरं वर्षभर दिवस मोजायची. गुळासाठी घरटी एक खडा जमा व्हायचा, चांगला मुठीएवढा. साठ घरांचे साठ खडे. टोपली कुणाच्या स्वाधीन करायची यावर कधी चर्चासुद्धा व्हायची नाही. पाटकऱ्याच्या! त्याच्याहून सरळ माणूस आणायचा कुठून?

तर त्या सकाळी पाटकरी गुळाची टोपली डोक्यावर घेऊन जत्रेतून चालला होता. वाटेत पिंपळाखाली ही गर्दी! मधोमध एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई बसली होती. तिच्यापुढे घंगाळाएवढं लाकडी चक्र होतं आणि शेजारी चौकटी आखलेला कापडी पट.

“या, नवे खेळाडू या!” चक्रवाली हात हलवून बोलावत होती. “दूरच्या देशात याला रूलेट म्हणतात. मी आपली चक्र म्हणते, जीभ वळायला सोपं. पैसे बाहेर काढू नका. खायची वस्तू लावा. शेंगा, फुटाणे, खोबरं. जिंकलात तर तुमच्या पोटात, हरलात तर माझ्या!”

लोक हसले. पाटकऱ्यानेही टोपली खाली ठेवली. पंगतीला अजून वेळ होता.

“नीट ऐका बरं का,” ती म्हणाली. “चक्रावर एकापासून छत्तीसपर्यंत घरं. निम्मी लाल, निम्मी काळी. मी चक्र फिरवते एकीकडे आणि ही पांढरी गोटी सोडते दुसरीकडे. दमली की ती एका घरात पडते. ते घर जिंकलं. आता पटावर बघा. एकाच आकड्यावर शेंग ठेवलीत तर तो एकेरी डाव. लागला तर तुमची शेंग तुम्हाला परत आणि वर पस्तीस.”

“पस्तीस!” एका माळणीचे डोळे मोठे झाले.

“लागला तर, म्हटलं मी. एवढा धीर नसेल तर दोन आकड्यांच्या मधल्या रेघेवर ठेवा. जोडडाव. दोघांतला कुठलाही आला तरी चालतं, पण मिळतात सतराच. तीन आकड्यांची आडवी ओळ धरलीत तर अकरा. चार घरं जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर ठेवलीत तर आठ. हे सगळे आतले डाव.”

“आणि बाहेरचे?” पाटकऱ्याने विचारलं.

“आहेत की! पटाच्या कडेला बघा, दादा. डझन, म्हणजे पहिले बारा, मधले बारा, शेवटचे बारा. एका शेंगेला दोन. त्याहून सोपं पाहिजे असेल तर नुसतं लाल की काळं, सम की विषम. तिथे एकाला एक. मिळतं थोडं, पण वरचेवर मिळतं. आतल्या डावात मिळतं भरपूर, पण कधी तरी. आणि मी ‘बस!’ म्हटलं की हात मागे. मग देवाची आण घातलीत तरी ऐकायची नाही.”

“हे एक हिरवं घर कसलं?”

“शून्य. ते माझं!” ती खदखदून हसली. “गोटी तिथे पडली की लाल गेले, काळे गेले, सम-विषम सगळे गेले. घरं आहेत सदतीस आणि मी देते छत्तीसच्या हिशोबाने. उरलेल्या एकावर माझी चूल पेटते. आधीच सांगून ठेवते, मागून ओरडू नका.”

इतकं खरं बोलणारी बाई पाहून पाटकरी खूश झाला. त्याने खिशातल्या दोन शेंगा शेवटच्या डझनावर ठेवल्या. गोटी नाचली, टुणटुणली आणि एकोणतीसवर बसली. त्याच्या दोन आणि वर चार! माळणीने जोडडाव लावला, तो लागला, आणि तिने सतरा शेंगा पदरात घेऊन जागच्या जागी गिरकी घेतली. गर्दीत नुसता आनंदीआनंद. लोक जिंकत होते, हरत होते, आणि शेंगा फोडून एकमेकांना देत होते.

इथवर सगळं छान होतं. पण पाटकऱ्याला एक खोड होती. पाटावर बसला की तो मातीत काडीने रेघा ओढायचा, कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली. हात सवयीनेच चालू लागला. गोटी ज्या घरात पडेल त्या घराची रेघ. सकाळ टळत आली तेव्हा त्याने मातीकडे पाहिलं. बाराला चार रेघा, पाचाला तीन, आणि छत्तीसला एकही नाही!

छत्तीस! पटाच्या अगदी टोकाचं घर. ‘म्हणजे हे या पटाचं शेपटाचं शेत,’ तो मनाशी म्हणाला. ‘बिचारं सकाळपासून कोरडं पडलंय. आता त्याचीच पाळी. यायलाच पाहिजे!’

हसू नका. ज्याने आयुष्यभर पाळी सांभाळली, त्याला सगळ्या जगात पाळी दिसणार.

खिशातल्या शेंगा त्याने छत्तीसवर ठेवल्या. गेल्या. मग त्याची नजर टोपलीकडे गेली. ‘एकच खडा. छत्तीस लागलं की पस्तीस खडे वर मिळतील. सगळं गाव दोनदा गूळ वाढून घेईल!’ बघा, चोरी करायचं त्याच्या मनातही नव्हतं. गावाचं भलंच करायचं होतं. असल्या विचाराला आवरणं फार अवघड.

एक खडा गेला. त्याने दोन ठेवले. तेही गेले. मग चार, मग आठ, मग सोळा. दर वेळी गोटी दुसरीकडेच जायची आणि दर वेळी पाटकऱ्याची खात्री वाढायची. जितका उशीर, तितकी पाळी जवळ आली ना!

“दादा,” चक्रवाली हळूच म्हणाली, “शेंगा ठीक होत्या. ही टोपली तुमची आहे ना?”

“तुम्ही चक्र फिरवा, बाई!”

त्याने अठ्ठावीस खडे एकदम छत्तीसवर रचले. माळीण शेंग फोडायची विसरली. “बस!” चक्रवाली म्हणाली. गोटी फिरली, घरंगळली, छत्तीसच्या दारावरून उडी मारून पुढे गेली आणि हिरव्या घरात जाऊन बसली.

टोपलीत आता एकच खडा होता.

पाटकऱ्याच्या डोळ्यांसमोर पंगत आली, रांगेत बसलेली पोरं आली. त्याने तो शेवटचा खडा उचलला. “बाई, खरं सांगा,” तो म्हणाला, “छत्तीसची पाळी तुम्ही कधी लावणार?”

“पाळी?” चक्रवालीला काही समजेना. “अहो दादा, इथे पाळी कोण लावतंय? गोटीला काय आठवतंय मघाशी कुठे पडले ते? प्रत्येक फेरी तिला नवी. तुमच्याकडे लावतं का कोण पाळी?”

“लावतो की. पाटावर. मी लावतो.”

“कशी?”

“कशी म्हणजे? दार उघडतो, बंद करतो, उन्हात धावतो, भांडणं सोडवतो...” आणि पाटकरी बोलता बोलता थांबला.

खरंच की! पाणी काही आपण होऊन न्यायाने वाहत नाही. ते उताराने वाहतं. एक दिवस तो घरी झोपून राहिला तर वरची दोन शेतं सगळं पिऊन बसतील आणि म्हातारीचं पीक वाळून जाईल. पाळी पाण्यात नव्हती. ती त्याच्या पायांत होती, फावड्यात होती. आणि इथे तो सकाळपासून नुसता मांडी घालून बसला होता आणि एका गोटीकडून न्यायाची वाट पाहत होता!

“लावताय का दादा? फिरवू?” चक्रवालीने विचारलं.

हात पटावर होता. खडा छत्तीसच्या चौकटीत अर्धा टेकलाही होता. एकदाच, फक्त एकदाच! लागला तर छत्तीस खडे होतील, पंगत निभेल, कुणाला कळणारही नाही.

पाटकऱ्याने खडा उचलला, टोपलीत टाकला आणि उठला. त्याच्या मागे चक्र फिरल्याचा आवाज आला. गोटी कुठे पडली ते त्याने वळून पाहिलं नाही, म्हणून ते मलाही ठाऊक नाही.

देवळापुढे पंगत बसली होती. बट्ट्या कुस्करून झाल्या होत्या, तूप सोडून झालं होतं. दोनशे पानं गुळाची वाट बघत होती. पाटकरी मधोमध जाऊन उभा राहिला. लाजेने त्याचे कान तापले होते.

“गूळ मी हरलो,” तो मोठ्याने म्हणाला. “एकोणसाठ खडे. पिंपळाखाली, चक्रावर. कुणी फसवलं नाही, माझा मीच फसलो. एक खडा उरलाय.”

आधी कुणाला खरं वाटेना. मग पोरांचे चेहरे पडले. पाटील ताडकन उठला. “तू? अरे, तू? दुसऱ्या कुणी केलं असतं तर...”

“बस खाली, पाटला,” शेपटाच्या शेताची म्हातारी पानावरूनच ओरडली. “उरलेल्या एका खड्यावर खेळून जिंकला असता तर आपल्याला काय कळलं असतं? तो इथे येऊन उभा राहिला. आणि तू रे, मान काय खाली घालतोस? खडा आहे ना एक? मग वाट की! वाटता तुझ्याइतकं येतंय कुणाला?”

पाटकऱ्याने डोळे पुसले आणि सुरी मागून घेतली. तो जमिनीवर बसला आणि त्याने खडा कापायला घेतला. अर्ध्याचे अर्धे, त्यांचे पुन्हा अर्धे. मग उठून तो पानापानावर चिमूट सोडत निघाला. हरभऱ्याच्या चार दाण्यांएवढा गूळ, पण चारच. पाटलाच्या पानात चार आणि पाटलाच्या नातवाच्या पानातही चार. जत्रेला आलेली चक्रवालीही पंगतीला बसली होती, कारण त्या गावात जत्रेतला पाहुणा उपाशी ठेवत नसत. तिच्या पानातही तेवढाच पडला.

“मावशी, आमचा गूळ परत द्या ना!” एक चिमुरडी तिला म्हणाली.

“नाही गं बाई,” चक्रवाली म्हणाली. “हरलेलं परत मिळतं असं यांना वाटलं, तर पुढच्या वर्षी हे तूपसुद्धा लावतील!” यावर पाटीलच आधी फिसकन हसला, आणि मग सगळी पंगत.

घास गोड लागला का? जेमतेम. पण कमी मिळालं म्हणून कुणी कुरकुरलं नाही, कारण शेजारच्याच्या पानात जास्त नव्हतं. पोरांनी बोटं चाटून चाटून खाल्ली. एकाने तर जाहीर केलं की दर वर्षी पोटभर मिळतो म्हणून गुळाची चव कधी कळलीच नव्हती. चक्रवाली मात्र घास हातात धरून बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिली.

“इतकी वर्षं चक्र फिरवते,” ती पाटकऱ्याला म्हणाली, “पण एका डावात सगळ्यांना लागलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.”

संध्याकाळी पाटलाने विचारलं, पुढच्या वर्षी टोपली कुणाकडे द्यायची? सगळ्यांनी पाटकऱ्याकडेच बोटं दाखवली. चर्चा झालीच नाही. त्याने मात्र एक अट घातली. टोपली आधी देवळात पोचवायची आणि मग जत्रेत हिंडायचं, तेही खिशात स्वतःच्या शेंगा घेऊन. पुढच्या जत्रेत तो पिंपळाखाली बसला, लालवर दोन शेंगा हरला, काळ्यावर एक जिंकला, ती खाल्ली आणि हसत हसत उठला. दुसऱ्या दिवशी पाट सुटायचा होता.

तात्पर्य: नशिबाकडे पाळीची वही नसते. जगात कुणाला त्याचा वाटा मिळाला असेल, तर तो कुणीतरी फावडं घेऊन उन्हात उभं राहिलं म्हणून.