ठकू कुंभारणीनं फोडलेल्या घागरी

रुईगव्हाणला जायला सडक नव्हती, ओढ्यावर पूल नव्हता, आणि माणूस आजारी पडला तर देवाचं नाव घेण्यापलीकडं कुणाच्या हातात फारसं काही नव्हतं, त्या काळातली ही हकीकत. डोळ्यांनी बघणारे केव्हाच गेले. त्यांनी नातवंडांना सांगितली, नातवंडांनी पुढं सांगितली. सांगता सांगता ती थोडी वाढली असेल, पण मुळात खोटी नाही, असं म्हणतात.

त्या गावात ठकूबाई नावाची कुंभारीण राहायची. नवरा ऐन उमेदीत गेला, तेव्हा ती स्वतः चाकावर बसली. बाईनं चाक फिरवू नये अशी तेव्हा रीत होती. लोक महिनाभर कुजबुजले. मग घराघरातली मडकी फुटली आणि सगळे मुकाट्यानं तिच्याच दारात आले. तिच्या घागरीवर टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद यायचा, असं म्हणतात.

तिला एकच लेक, चिमा. ती गावातच दिली होती, खालच्या आळीतल्या व्याह्यांकडं. ते कौलं आणि विटा पाडायचे. चिमाला सातवा महिना लागला होता. रोज सकाळी अंगण झाडताना ठकूबाई खालच्या आळीकडं बघायची. लेकीच्या चुलीचा धूर वर आला की तिचं मन थाऱ्यावर यायचं.

कुंभाराच्या दारात माणूस येतो तो बोलत येतो. लग्नाची मडकी सांगायची असतात, रांजणाचं माप द्यायचं असतं. पण घरात मयत झालं की आलेला माणूस बोलत नाही. अंगणात येऊन नुसता उभा राहतो. ठकूबाई त्याला बघायची, आत जायची आणि तिरडीपुढं विस्तव धरायला लागतं ते लहान मडकं आणून त्याच्या हातात द्यायची.

त्या वर्षी चैत्रात मीठ वाहणाऱ्या बैलांचा तांडा गावात उतरला. गाव जिचं पाणी प्यायचं त्या पायऱ्यांच्या विहिरीशेजारी, म्हणजे बारवेशेजारी, धर्मशाळा होती; तांड्यातला एक माणूस तिथं आजारी पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याला जुलाब आणि ओकाऱ्या होत होत्या, अंगातलं सगळं पाणी गेलं होतं. मडकं ठकूबाईनंच दिलं. सोबत्यांनी त्याला अग्नी दिला, त्याची धोतरं आणि वाकळ बारवेच्या पायऱ्यांवर धुतली आणि ते पुढं निघून गेले. त्यात वावगं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

पाचव्या दिवशी ठकूबाईच्या अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. तो गेला, आणि दुपारी दुसरा आला. मग रोज येऊ लागले. गावात पटकी शिरली होती. सकाळी हसणारं माणूस संध्याकाळी ओळखू येत नव्हतं. डोळे खोल जायचे, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतायची. गावानं मरीआईला साकडं घातलं, वेशीला लिंबाचे डहाळे बांधले, घराघरात धूप जाळला. पटकी हलली नाही.

ठकूबाईला आता पावलांची भीती वाटू लागली. चाकावर बसली तरी कान रस्त्याकडं असायचे. पाऊल अंगणात न थांबता पुढं गेलं की ती श्वास सोडायची. एका सकाळी पाऊल थांबलं, आणि बघते तो अंगणात जावई. ठकूबाईच्या हातातली माती गळून पडली. तिला चिमाचं नाव विचारायचा धीर होईना. जावईच म्हणाला, "आबा गेले." म्हणजे त्याचा बाप, ठकूबाईचा व्याही. तिनं मडकं दिलं. व्याही गेल्याचं दुःख होतंच, पण आपली लेक नाही हे कळून तिला बरं वाटलं होतं. त्याची लाज तिला मरेपर्यंत पुरली, असं म्हणतात.

त्याच दिवशी दुपारी धोंडू सालगडी आला. त्याची बायको गेली होती. दोन दिवसांपूर्वी त्याचा मुलगा गेला होता. ठकूबाई मडकं द्यायला पुढं झाली आणि मध्येच थांबली.

"धोंडू, एका घरातली दोन गेली. तू कसा बरा?"

असं कुणी विचारतं का? धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी घरी असतो कुठं, ठकूबाई? रानात राखणीला असतो. तिथंच भाकरी खातो, तिथल्या हिरीचं पानी पितो."

तो गेला, पण त्याचं बोलणं अंगणातच राहिलं. दुसऱ्या दिवशीपासून ठकूबाई येईल त्याला मडकं देताना विचारू लागली, "पानी कुठलं प्याले होते?" लोकांना राग यायचा. एकजण म्हणाला, "माणूस गेलंय माझं आणि तू पान्याचं काय इचारतीस?" पण उत्तर सगळे देत होते, आणि उत्तर एकच होतं. बारवेचं.

मग तिच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इतकी माणसं अंगणात उभी राहून गेली, पण वेशीबाहेरच्या वस्तीतून एकही आलं नव्हतं. त्या वस्तीच्या लोकांना बारवेला शिवू देत नसत. ते टेकडीवरच्या वाघझऱ्याचं पाणी प्यायचे. झरा दूर, चढ उभा, धार करंगळीएवढी.

ठकूबाई वस्तीत गेली. तिथली म्हातारी धुरपताबाई दारात सूप पाखडत होती.

"तुमच्यात कुणी आजारी हाय का?" ठकूबाईनं विचारलं.

"न्हाई."

"पटकी इकडं आलीच न्हाई?"

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. "ती बारवेवरनं येती, आसं दिसतंय. आमाला तुमी बारवेवर येऊ देत न्हाई."

ठकूबाईला वर बघवलं नाही. मग म्हणाली, "उद्या गाव झऱ्यावर आलं तर तुमी काय करशीला?"

"येईल का गाव?"

"ते मी बघती. तुमी काय करशीला ते सांगा."

म्हातारी म्हणाली, "पान्याला वेस नसती. पर आमची रीत पाळायला लागंल. धुणं झऱ्याच्या वर न्हाई, खाली. जनावरं खाली. धारेत हात घालायचा न्हाई. आन् जो आधी येईल त्यो आधी भरंल. मग त्यो पाटील का असंना."

तिथून ठकूबाई थेट लेकीकडं गेली. चिमा चुलीपाशी होती. तिची सासू हौसाबाई, नवरा जाऊन चार दिवस झालेली, भिंतीला टेकून बसली होती. ठकूबाईनं सगळं सांगितलं. हौसाबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "विहीणबाई, सात पिढ्या ते पानी प्याल्या. माझा धनी काय पान्यानं गेला? आन् त्या झऱ्याचं पानी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. लोक वाळीत टाकतील आमाला."

सासूपुढं बोलायची चिमाची प्राज्ञा नव्हती. पण आई निघाली तेव्हा तिनं अशा नजरेनं बघितलं, की ती नजर ठकूबाई घरापर्यंत घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ठकूबाई बारवेवर गेली. हातात मडकी थापायची लाकडी थापी होती. बायका घागरी घेऊन आल्या होत्या. काहीजणी पायऱ्या उतरत होत्या, काहीजणी भरून वर येत होत्या. त्यांत चिमा होती. पोटाला जपत, एकेक पायरी चढत येत होती. डोक्यावर भरली घागर. ती घागर ठकूबाईनंच तिला लग्नात दिली होती.

ठकूबाई पुढं झाली आणि तिनं लेकीच्या डोक्यावरची घागर थापीनं फोडली.

पाणी चिमाच्या अंगावरून पायऱ्यांवर सांडलं. कुणाला काही कळायच्या आत तिनं दुसरी घागर फोडली, तिसरी फोडली. आपल्याच हातानं घडवलेली, भाजलेली एकेक घागर ती फोडत गेली. बायका ओरडत होत्या, कुणी तिचे केस धरले, कुणी दंड धरला. ती थांबली नाही. शेवटी पाटलांच्या घरची तांब्याची घागर समोर आली. तिच्यावर थापी बसली आणि नुसता ठण आवाज झाला. तो आवाज पाटलांच्या वाड्यापर्यंत गेला, असं म्हणतात.

दौलतराव पाटील आले. ते कडक होते, पण ऐकून घेणारे होते. "ठकूबाई, गावाला तहानलेलं मारायचंय का तुला?"

ठकूबाईनं थापी खाली ठेवली. "पाटील, माझ्या अंगणात येऊन जी माणसं उभी राहिली ती मी सांगती. तुमी फकस्त ऐका." आणि तिनं नावं सांगायला सुरुवात केली. मिठाच्या तांड्यातल्या परक्यापासून. त्याची वाकळ कुठं धुतली तेही सांगितलं. मग एकेक घर, एकेक माणूस. बायका रडू लागल्या, कारण त्यांत प्रत्येकीचं कुणीतरी होतं. शेवटचं नाव पाटलांच्या धाकट्या भावाचं होतं. "हे समदे बारवेचं पानी प्यायले. धोंडू प्याला न्हाई, त्यो हाय. वस्ती प्याली न्हाई, ती समदी हाय. आता तुमी सांगा, मी घागरी फोडू का मयताची मडकी घडवू?"

पाटलांनी बारवेच्या पाण्याकडं बघितलं. पाणी नेहमीसारखंच दिसत होतं, निळं, थंड. मग त्यांनी गड्यांना हाक मारली आणि बारवेच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकायला सांगितल्या. "पण वस्तीच्या झऱ्यावर जा असं मी गावाला सांगणार नाही," ते म्हणाले. "माझ्यानं ते व्हायचं नाही."

"नका सांगू," ठकूबाई म्हणाली.

गावात आता फारशा घागरी उरल्या नव्हत्या, आणि बारव बंद. ठकूबाईनं घरी जाऊन चाक फिरवलं. घागर वाळायला आठवडा लागतो, आवा, म्हणजे मडक्यांची भट्टी, भाजायला दोन दिवस. पण त्या दिवशी ऊन असं पडलं की दुपारपर्यंत माती वाळली, आणि तिनं आवा लावला तेव्हा आभाळ भरून आलं, गावभर गारा पडल्या, पण आव्यावर एकही पडली नाही, असं म्हणतात. कुणी सांगतं की आवा दिवस मावळायच्या आधीच निवला. कुणी म्हणतं हे काही खरं नाही, तिच्याकडं भाजलेल्या घागरी आधीच होत्या. काहीही असो, नव्या घागरी तिनं गावात ठेवल्या नाहीत. टेकडीवर नेल्या आणि झऱ्यापाशी ओळीनं मांडल्या. ज्याला घागर पाहिजे त्यानं वर यावं.

पहिल्यांदा ती स्वतः प्याली, धुरपताबाईनं ओतलेल्या पाण्याची ओंजळ, गाव खालून बघत असताना. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. खाली पोरं पाण्यासाठी रडत होती, आणि ते रडणं वर ऐकू येत होतं. शेवटी चढावर एक बाई दिसली. दर चार पावलांवर थांबत होती. ती चिमा होती, सासूला न विचारता निघालेली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत रांग लागली, आणि रांगेत पाटलीणबाई तांब्याची घागर घेऊन सगळ्यांत मागं उभ्या होत्या.

पण चिमा आधी बारवेचं पाणी प्यालेली होती. तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. ठकूबाईनं तिला झऱ्याजवळच्या झोपडीत नेलं. धुरपताबाई झऱ्याचं पाणी उकळून द्यायची. ठकूबाई त्यात मीठ घालून तांदळाची पातळ पेज करायची आणि पळीपळीनं लेकीला पाजायची. ती ओकायची, ही पुन्हा पाजायची. दर वेळी दोघी राखेनं आणि कढत पाण्यानं हात धुवायच्या, चिमाची लुगडी झऱ्यापासून लांब नेऊन उकळायच्या. दोन दिवस ठकूबाईनं लेकीच्या बोटांवरच्या सुरकुत्या बघत काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई चढ चढून आली. दाराशी उभी राहिली. ठकूबाईला वाटलं, भांडायला आली. हौसाबाई म्हणाली, "राख कुठं हाय? मला हात धुऊ द्या. आता मी पाजती, तुमी जरा पडा."

तिसऱ्या दिवशी चिमानं आपणहून पाणी मागितलं. पुढं ज्येष्ठात तिला मुलगी झाली, अशक्त, पण जगली. गावात आणखी चार माणसं गेली, आणि मग ठकूबाईच्या अंगणात येऊन कुणी उभं राहिलं नाही. त्या महिन्यात झऱ्याची धार करंगळीची मनगटाएवढी झाली, असं म्हणतात. ठकूबाई मात्र कित्येक वर्षं पावलांचा आवाज आला की दचकायची. तिची ती सवय गेली नाही.

रुईगव्हाण आजही आहे. आता नळ आलाय, तरी घराघरात पाण्याच्या माठावर लांब दांड्याचं ओगराळं असतं. पोरानं माठात पेला बुडवला, तर आजी म्हणते, "ठकूआई माठ फोडंल हं." घरात कुणाला जुलाब झाले, की आधी राख किंवा साबण दाराशी येतो, मग औषध. आणि दर चैत्रात बायका जुन्या घागरी घेऊन बारवेपाशी जमतात. आईनं लेकीची घागर फोडायची, लेक गावात नसेल तर सुनेची. त्या वेळी कुणी बोलत नाही. मग नवी घागर घेऊन सगळ्याजणी टेकडी चढतात आणि झऱ्यापाशी रांगेत उभ्या राहतात. जी आधी पोचेल ती आधी भरते.