शालनच्या गोधडीची चौकट

एका गावात एक भोळा नवरा राहायचा. दौलत त्याचं नाव. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. दोष म्हणाल तर एवढाच.

त्याची बायको शालन. चांगली शिकलेली, पण मूल पहिलंच. बाळाला शिंक आली तरी आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटायचं. बारसं आठ दिवसांवर आलं होतं. तिची आई वारलेली. आईच्या दोन मऊ लुगड्यांची गोधडी शिवायची आणि बाळाला पाळण्यात पहिल्यांदा तिच्यावरच निजवायचं, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. पण मशीनच्या सुईखाली लुगड्यांचे थर सरकत. ते ताणून धरायला लाकडी चौकट हवी. बाळाला सोडून जाता येईना. मग दौलतलाच धाडलं.

"गेनूमामा सुताराकडून चौकट आणा. आपल्या मशीनच्या मापाची."

दौलतने मशीन वीत वीत मोजलं. चौकट आणली. मशीन तिच्यात बरोब्बर बसलं, भिंतीवरच्या फोटोसारखं. हार तेवढा घालायचा राहिला.

शालनला वाटलं, आपणच नीट सांगितलं नाही. "अहो, माप गोधडीचं घ्यायचं!"

गेला. गोधडीएवढी चौकट आणली. ती दारात अडकली. शालन आत, दौलत बाहेर, आणि त्याच्यामागे गोठ्याकडे निघालेली म्हैस खोळंबलेली.

"अहो, दारातून येत नाही ते घ्यायचंच नाही. परत करायचं!"

गेला. तिसरी आणली. हिच्यात गोधडी दोन दांड्यांवर गुंडाळायची, हातभर उघडी ठेवायची, शिवत शिवत पुढे सरकवायची. दारातून अलगद आत आली. शालन हरखली. पहिलाच टाका घातला, चौकट लटलट हलली, सुई कट्कन मोडली.

आता मात्र तिचा आवाज चढला. "घेण्याआधी हलवून बघायचं हो! हललं, की तिथल्या तिथे परत. मग कुणाचं का असेना!"

"कुणाचं का असेना?"

"कुणाचं का असेना!"

गेला. चौथी चौकट त्याने अशी हलवली की गेनूमामाचं दुकान हललं, चौकट हलली नाही. तीच आणली. चार दिवसांत गोधडी झाली. मधोमध आईच्या पदराचा काठ. शालनला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला सांगता येतं.

बारशाचा दिवस उजाडला. घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. दौलतची थोरली बहीण गोदाताई बैलगाडीतून आपला शिसवी पाळणा आणणार होती. बाळाच्या कानात नावही आत्या म्हणून तीच सांगणार होती. दौलत स्वागताला दारात उभा. ऊन कलायला लागलं.

"अहो, वन्संची गाडी आली का?"

"आली होती की."

"मग पाळणा?"

"दारातून येईल का, ते आधी मोजलं. येत होता."

"शहाणे गं बाई माझे!"

"मग हलवून बघितला. अगं, नुसतं बोट लावलं तर हलायला लागला! थांबायचं नावच घेईना. तिथल्या तिथे परत केला."

शालनच्या हातातली गोधडी गळाली. "आणि वन्सं? वन्सं कुठायत?"

"ताई ना? ताई आधी बरी होती. पाळणा परत म्हटल्यावर मात्र रागानं लटलट हलायला लागली," दौलत म्हणाला. "मग तिलाही परत केली. सख्खी बहीण आहे गं, जिवावर आलं. पण तूच म्हणाली होतीस ना, कुणाचं का असेना!"