मागची जागा

"मग ऑलिंपिकमध्ये तुम्हाला दिसलं तरी काय, बाई?"

"माझे गुडघे," भागीरथीबाई म्हणाल्या.

शार्दूल निकुंभला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

बाई खरंच सांगत होत्या. नवापूरच्या माळावर अनवाणी धावत त्या देशातल्या नावाजलेल्या धावपटू झाल्या, आणि तिशीत बॉबस्लेकडे वळल्या. बर्फाच्या नागमोडी उतारावरून सुटणारी ही दोघांची गाडी. दोघं ती ढकलत धावतात, उडी मारून आत बसतात. पुढचा गाडी वळवतो. मागचा मान खाली घालतो, आणि शेवटची रेघ ओलांडली की ब्रेक ओढतो.

बाई मागच्या. ऑलिंपिकमध्ये एकोणिसाव्या आल्या. तेव्हापासून मजेत बॉबस्ले शिकवत होत्या.

शार्दूल धुळ्याचा. शंभर मीटरमध्ये सात वर्षं त्याच्यापुढं कुणी गेलं नव्हतं. इथं, परदेशातल्या या डोंगरावर, त्याला लडाखच्या लोबझांगच्या मागं बसावं लागे. पुढचं दिसावं म्हणून तो दर वळणाला मान वर करी, त्याच्या डोक्याला वारा अडून गाडी मंदावे. परवा ऑलिंपिकचा संघ निवडला जाणार होता.

"मान खाली घालून बसायला का मी दोन वर्षं घाम गाळला?"

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद देताहेत असं वाटून तो वाकला.

हात उठेना...

बऱ्याच वेळानं बाईंनी विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"लोबझांग... गाडीखालची पाती घासतोय."

"कधीपासून?"

शार्दूल मान वर करून बघायला गेला.

"पहाटेपासून," बाई म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.

शार्दूल लोबझांगशेजारी जाऊन बसला. दुसरं पातं घासायला घेतलं.

दुपारी गाडी सुटली. शार्दूल जीव तोडून धावला, आत शिरला, मान खाली घातली. लोबझांगची पाठ कलेल तसा तोही कलत गेला. चौदा वळणं... मग गाडी थांबली.

फलकावरचा आकडा पाहून लोबझांग ओरडलाच. वर्षभरातला त्यांचा सगळ्यात कमी वेळ!

शार्दूल बाईंकडं आला. हसत होता, पण गोंधळलेला.

"बाई, उडी मारल्यावर मी काही केल्याचं आठवतच नाही. ब्रेक... तो तरी मी ओढला का?"

बाईंचा चेहरा खुलला.

"झकास! आता खरा मागं बसलास. उद्यापासून तुला शिकवते."