नखाएवढी हिरवाई

एकदा एका उजाड टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध माळी महोगनीची रोपे वाढवत होता. त्याची शिष्या दूरदेशी सहा वर्षे वनशास्त्र शिकून नुकतीच त्याच्याकडे परतली होती. पाऊस स्थिरावला की ही रोपे टेकडीवर जाणार होती. तिथे त्यांना पाणी घालायला पुन्हा कोणी चढणार नव्हते.

वैशाखात वृद्धाने रोपांचे पाणी तोडले. दहाव्या दिवशी पाने गळू लागली.

"आबा, तीनशे रोपं आहेत. मरतील ना!"

"तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"ताण दिला की मूळ खोल जातं, म्हणतं. पण नेमका किती ताण..."

"ते नसणार त्यात. पुस्तक कधी उन्हात उभं राहिलंय?"

रोज पहाटे वृद्ध रांगेतून वाकत जाई, प्रत्येक रोपापाशी थांबे आणि पाणी न घालताच परते. शिष्येला ते निष्ठुर वाटे. परदेशातून ती दर महिन्याला त्याला पत्र लिहीत असे, 'आबा, परत येऊ का?' उत्तर ठरलेले असे, 'शिकून घे.' तो कोरडेपणा तिला अजून सलत होता.

एके सकाळी वृद्धाने तांब्या भरून आणला आणि एकाच रोपाला घातला. शेजारची रोपेही तितकीच निष्पर्ण होती.

"यालाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

वृद्धाने शेजारच्या रोपाची साल नखाने किंचित खरवडली. आत हिरवे चमकले.

"याला तहान आहे. तहान आहे तोवर मूळ पाणी शोधत खाली जातं. पानं गळाली म्हणून मी घाबरत नाही." मग त्याने पाणी घातलेल्या रोपाची साल खरवडली. आतला रंग फिकटला होता. "याचं शोधणं थांबत आलं होतं. आजचा दिवस चुकला असता, तर हे हातचं गेलं असतं. ज्यानं पाणी तोडलं, त्यानं रोज येऊन पाहायचं असतं, पोरी."

शिष्येने त्या फिकट सालीवरून बोट फिरवले. मग तिने विचारले, "आणि माझ्याकडे कोण पाहत होतं, आबा?"

"तुझी पत्रं वाचायचो की! विहिरीला पाणी किती आहे, ती लंगडी गाय कशी आहे, कुंपणाशी जांभळं लागली का... सतरा प्रश्न. वाचताना डोळे भरून यायचे, पण जीव निर्धास्त असायचा. मग फाल्गुनात एक पत्र आलं. तुझं सगळं छान चाललं होतं. इथलं मात्र काहीच विचारलं नव्हतंस."

शिष्येला आठवले. त्या पत्राला एका शब्दाचे उत्तर आले होते, 'ये.'

ती खाली बसली. पुढच्या रोपाची साल तिने हलकेच खरवडली. थोडा वेळ त्या हिरव्या रेघेकडे पाहत राहिली आणि मान वर न करताच म्हणाली,

"आबा, जांभळं लागली का हो यंदा?"